सूर बिघडवणारे नरसय्या अण्णा

जगातली माणसं बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात. आमच्या शेजारचे नरसय्या अण्णा रोज संध्याकाळी सातला आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, चांगला चाललेला सूर बिघडवायला बसतात. आणि मनासारखा बिघडला की मांडीवर थाप मारून ओरडतात, "आत्ता कसं! आत्ता सोलापूरचा वाटतोय!"

थांबा, नीट सांगते. मला सांगायची लई घाई असते.

अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आत चोवीस माग एकदम खडखडत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि अण्णा दारात चप्पल काढता काढता म्हणतात, "सात नंबरचा पट्टा सैल हाय." जाऊन बघावं तर असतोच! वय साठीच्या पुढं, मुलगा हैदराबादला, घरात एकटेच. पण तरुणपणी हा माणूस ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं काढून टाकलेलं परदेशी धूड, त्यावर बटणंच बटणं. बार्शीपासून माळशिरसपर्यंत एक लग्न, एक जत्रा सोडली नाही म्हणे. शेवटी ते टेम्पोत भिजलं आणि मेलं. मागोमाग ऑर्केस्ट्राही बंद पडला.

मी एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडते, त्यामुळं कॉम्प्युटरचं बरं कळतं. मागच्या वर्षी मला समजलं की तसल्या जुन्या सिंथच्या हुबेहूब नकला आता सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. पडद्यावर तीच बटणं, तीच लाकडी चौकट, आवाजही तोच. मी पळतच गेले. अण्णांच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ते घालून दिलं, छोटा की-बोर्ड जोडला, स्पीकर लावला. अण्णांनी चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"वाजवा की!"

"गरम होऊ दे."

"अण्णा, हे सॉफ्टवेअर आहे. हे गरम होत नसतंय."

"मशीन हाय न्हवं? मग गरम व्हायलाच पाहिजे. जा, चहा टाक."

चहा झाला. मग त्यांनी एक सूर वाजवला. मग दुसरा. आणि तोंड असं उतरलं की मला वाटलं स्पीकर फुटला.

"लई शहाणं हाय ग हे," अण्णा म्हणाले. "कुटंच चुकत न्हाय."

तिथून सुरू झालं बघा! त्या सिंथमध्ये एका वेळी पाच सूर वाजतात, म्हणजे आत पाच कारागीर बसलेत असं समजा. अण्णा त्यांना ऑसिलेटर म्हणतात. अण्णांच्या जुन्या मशीनमधला तिसरा कारागीर आळशी होता. केसभर उशिरा यायचा आणि किंचित बेसूर. सॉफ्टवेअरमध्ये पाचही जण शिस्तीचे. मी त्यांना आतली सेटिंगची पानं उघडून दाखवली, तिथं प्रत्येक कारागिराला वेगळं बिघडवता येतं. अण्णांनी तिसऱ्याला आळशी करायला दोन महिने घेतले. दोन महिने! मी म्हणायची, "झालं की आता." ते डोळे मिटून म्हणायचे, "न्हाय. आजून कामाला लागल्यावानी येतंय. झोपेतनं उठल्यावानी आलं पाहिजे."

त्यात मशीन किती जुनं झालंय ते ठरवायचं एक बटण होतं. अण्णांनी ते शेवटपर्यंत फिरवलं, तरी पोट भरेना. मला समोर बसवून कंपनीला मेल लिहायला लावला, "तुमच्या मशीनीत वयाचं बटण हाय, उन्हाळ्याचं न्हाय. आमच्याकडं मे महिन्यात सूर चढतो. कृपया सोय करावी." मी इंग्रजीत करून पाठवला. उत्तर आलं! आभार, आम्ही जरूर विचार करू. अण्णांनी ते अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. "विचारात पाडलं का न्हाय साहेब लोकांना?"

साहेब विचार करेपर्यंत ह्यांनी स्वतःच करून टाकलं. चालू केल्यावर दहा मिनिटं सूर हळूहळू वर चढत जाईल अशी सोय. त्यामुळं आता खरंच दहा मिनिटं थांबावं लागतं. "म्हण की आता, गरम होत न्हाय म्हणून!"

आता तुम्ही म्हणाल, रिकामपणचे उद्योग. मलाही तसंच वाटायचं. पण ह्या सगळ्यामागं शकीलाआपा होत्या.

शकीलाआपा म्हणजे त्याच ऑर्केस्ट्रातल्या गायिका. दोन गल्ल्या सोडून त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. जुनं मशीन भिजायच्या थोडं आधी कुणाच्या तरी हळदीला त्या गायला उभ्या राहिल्या आणि वरच्या सुराला आवाज फाटला. लोक हसले. त्या दिवसापासून बाई शिलाई मशीनवर गुणगुणतसुद्धा नाहीत. अण्णा वर्षानुवर्षं मागं लागलेले, एकदा गा. आणि आपांचं ठरलेलं उत्तर, "वो पुराना बाजा ला, फिर गाती मैं." बाजा मेलेला, त्यामुळं विषयच मिटला असं त्यांना वाटायचं.

आता बाजा तयार होता! आणि माझ्या ताईचा साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. तिथं आपांनी गायचं, असं अण्णांनी परस्पर ठरवून टाकलं.

आम्ही लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. आपांनी कात्री खालीच ठेवली नाही. "नक्को रे नरसय्या. कम्प्यूटर का कायकू लाया?"

"फकस्त ऐक."

दहा मिनिटं थांबलो. (मी दोन ब्लाउजांना हुक लावून दिले.) मग अण्णांनी त्यांच्या हुकमी गाण्याची सुरुवात वाजवली. पहिला सूर, दुसरा सूर, तिसरा... आणि आपांनी कात्री टेबलावर आपटली.

"अरे! ये तो वोच हरामी है! तीन नंबर अब्बी भी लेट आता!"

अण्णा हसले. मी अण्णांचे सगळे दात त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आपा त्या आळशी सुरासाठी जिथं थांबायच्या, बरोबर तिथंच थांबून त्यांनी एक ओळ म्हटली. मी तर उड्याच मारल्या.

पण दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी तालीम झाली आणि सगळं ढासळलं. खालचं छान झालं. वरच्या सुराला आपांचा आवाज चिरला. त्यांनी परत घेतलं. परत चिरला. त्यांनी पिशवी उचलली.

"देखी ना? बोली थी ना मैं? अब नक्को बोल मेरे कू."

आणि गेल्या. अण्णा पडद्याकडं बघत बसले. दोन दिवस दार लावून मशीनीपुढंच होते. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली, ती तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "चल, शकीलाकडं."

दुकानात शिरता शिरताच सुरू झाले. "तुझी चूक न्हवती. मशीन चढलं होतं. उन्हाळ्याचं मी जरा जास्तच घातलं. कुणाचाबी गळा फाटंल. आता ठीक केलंय."

आपांनी चष्म्यावरनं बघितलं. "सच्ची?"

"मी जॉबर हाय. मशीनची चूक मला कळत न्हाय व्हय?"

"रिहर्सल नक्को. सीधा आती मैं. फटा तो तेरा नाम लेती, माइक में लेती."

"घे की!"

साखरपुड्याच्या सकाळी हॉलमध्ये दीडशे माणसं. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात, हात गुडघ्यावर, मशीन गरम होण्याची वाट बघत. आमचे भटजी तोंड वाकडं करून म्हणाले, "मुहूर्त निघून चाललाय." अण्णा म्हणाले, "मुहूर्त थांबंल, ऑसिलेटर घाई करत न्हाय." भटजींनी खरंच पंचांग मिटलं!

आपा हिरव्या साडीत उभ्या राहिल्या. पदर मुठीत घट्ट. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. वरचा सूर जवळ आला, तशी मी ताईचा हात इतका दाबला की ती ओरडली. आणि आपांनी तो घेतला. न चिरता, न थरथरता, स्वच्छ! आणि नुसता घेऊन सोडला नाही, धरून ठेवला. तिसरा कारागीर आपला झोपेतनं उठून आला, तोवर आपा वरच उभ्या. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, भटजींनी अक्षता वेळेआधीच उधळल्या. आपा रडत होत्या, हसत होत्या, माइकमध्ये ओरडत होत्या, "आया! आया रे, पुराना गला आया!"

त्यांच्याभोवती बायकांचा गराडा पडला. मी नाचत नाचत अण्णांकडं आले आणि लॅपटॉप सरळ करायला वाकले. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. उणे तीन.

उन्हाळ्याची सोय होती तशीच होती. अण्णांनी तिला हातसुद्धा लावला नव्हता. अख्खं मशीन तीन पट्ट्या खाली उतरवलं होतं. वर आवाजाला थोडी धार दिली होती, उतरलेलं कानाला कळू नये म्हणून. केसभर फरकासाठी दोन महिने भांडणारा माणूस, आणि सरळ तीन पट्ट्या!

"अण्णा, हे—"

"हळू बोल." त्यांनी तो कोपरा तळहातानं झाकला. "जुन्या मशीनीला ही सोय न्हवती. असती तर हळदीला तिला कोण हसलं असतं?"

मी पडदा गराड्यापासून थोडा वळवला.

"गळा आजून खाली जाणार की तिचा. माझे कानबी जातील," ते गराड्याकडं बघत म्हणाले. "वर्षाला अर्धी पट्टी उतरवत जाईन. तिला कळायचं न्हाय."

तेवढ्यात गराड्यातनं हाक आली, "नरसय्या! बैठा क्या है? दूसरा बजा ना!"

अण्णांनी तळहात काढला, सदऱ्याला पुसला आणि दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर दाबला.