आधी काळजी, मग अक्कल

नवशेतकरी आधार योजनेत सरकार जुन्या शेतकऱ्याचा अनुभव काढून नव्याला देतं, आणि तो दोन हप्त्यांत देतं: पहिल्यात काळजी, दुसऱ्यात अक्कल. असं का, हे विचारायला जाऊ नये. वरून जे आधी येतं ते आधी वाटतात.

हर्षला भोईटे साताऱ्यातली औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून सासरच्या दीड एकरात आलं लावायला आली, तेव्हा तिला सासऱ्यांचाच, हैबतआबांचा, चाळीस वर्षांचा अनुभव मंजूर झाला. वैशाखात दोघांनी यंत्रावर अंगठे टेकवले आणि आबांची सगळी काळजी हर्षलाच्या पोटात येऊन बसली.

काळजी अस्सल होती हो. जुन्या गारपिटी, मेलेला बैल, ऐन उन्हाळ्यात जळालेली मोटर, सगळं त्यात होतं. बाई भरल्या ताटावरून उठून आभाळ बघायची. पण बघून करायचं काय? ते दुसऱ्या हप्त्यात होतं आणि अजून आबांच्याच डोक्यात होतं. आबा मात्र पारावर पत्ते कुटत होते. कपाळावरच्या आठ्यासुद्धा गेल्या होत्या. काही विचारलं की म्हणायचे, होईल गं नीट. खोटं बोलत नव्हते बिचारे. काळजीच नसल्यावर माणसाला आठवणार तरी काय!

श्रावणात सहा दिवस झड लागली. वाफ्यांत पाणी तुंबलं, खालच्या अंगाची पानं पिवळी पडू लागली. आता गड्डे कुजले की वर्ष गेलं, एवढं हर्षलाला काळजीनं कळत होतं. जीव टांगणीला लागला तशी ती तालुक्याला धावली.

कृषी सहायक मुळीकबाईंनी शांतपणे फाईल उघडली. दुसरा हप्ता पाहणीत पीक तगलेलं दिसल्यावर. नाहीच तगलं तर अक्कल सरकारजमा. मात्र निम्मी काळजी मूळ मालकाला परत करायची सोय होती. त्याची सही लागेल.

ती घरी आली तेव्हा आबा पडवीत पाय हलवत शेंगा खात बसले होते. तिला कागद पुढं करवेना. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आबांनीच तो ओढून घेतला आणि वाचला.

"निम्मीच व्हय? समदी दे की. तुला झेपंना झालीया."

"नको आबा. सगळी दिली तर मी उद्याच दुकानात परत जाईन."

आबांनी उरलेल्या शेंगा सावकाश संपवल्या. मग सही केली. आठ्या एकेक करून परत आल्या. त्यांनी आभाळाकडं बघितलं, शेताकडं बघितलं आणि कुदळ उचलली. खालच्या बांधाला चर मारायचा, म्हणाले, आत्ताच्या आत्ता. दिवस मावळायच्या आत पाणी ओढ्याला लागलं.

पंधरा दिवसांनी मुळीकबाई पाहणीला आल्या. आलं तगलं होतं. बाईंनी बांधावरच नोंद केली: लाभार्थीकडे काळजी आहे, विचारायला माणूस आहे, सबब नवशेतकरी म्हणता येत नाही. दुसरा हप्ता रद्द. अक्कल मूळ मालकाकडेच राहील.

हर्षलाला वाईट वाटलं. पण पश्चिमेला पुन्हा काळं भरून आलं होतं, भांडायला सवड नव्हती. तिनं सही केली.

"आबा, तुम्ही बसा. मी बघते."

"बसवत न्हाई गं आता," आबा म्हणाले आणि तिच्या पुढं वाफ्यांकडं निघाले.