वर काही विशेष नाही

आमच्या पार्सिपनी गावातल्या कुठल्याही पार्टीत कोणी 'ग्रीस' एवढं म्हणायचा अवकाश, मनोहर घैसास खिशातून बॉलपेन काढायचे आणि समोरच्या पेपर नॅपकिनवर बाकं काढू लागायचे. देवळं नाहीत, खांब नाहीत, पुतळे नाहीत. बाकं. चौकोन म्हणजे बाक, गोल म्हणजे सावलीचं झाड, फुली म्हणजे संडास. दोन बाकांच्या मध्ये पावलांचा आकडा.

"आधी बूड टेकायचं, मग ग्रीस बघायचा," हे त्यांचं पालुपद.

मुलांनो, तुम्ही दोघं या उन्हाळ्यात रेडमंडहून ग्रीसला निघालात, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. तुमच्याजवळ गाइडबुकं असतीलच. ऐंशीच्या दशकात आमचं गाइडबुक म्हणजे हा एकच माणूस होता, तेव्हा त्यांच्याविषयी क्रमाने लिहिते.

घैसास लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर होते. सहा फूट उंच, चालणं तरातरा, आणि जगाकडे बघायचं ते मजल्यांच्या हिशेबाने. नायगरा बघून म्हणाले, "सोळा मजले." तुमच्या आईला दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीशी उभं करून म्हणायचे, "यंदा तीन इंच वर. नॉनस्टॉप!"

एकदा भारतात जाताना ते आणि त्यांच्या पत्नी नलूताई वाटेत अथेन्सला उतरले होते. चार दिवस! त्या चार दिवसांवर घैसासांनी दहा वर्षं सल्ले दिले.

"मेन्यू मागायचाच नाही," ते सांगायचे. "सरळ किचनमध्ये घुसायचं. तिथे चालतं. पातेल्यांची झाकणं उघडायची, बोट दाखवायचं, बाहेर येऊन बसायचं."

"पण आम्ही शाकाहारी," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही म्हणायचं, निस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. मटण नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. वालाची उसळ देतात, एकेक दाणा अंगठ्याएवढा. टोमॅटोत भात भरून देतात. आणि तेल? गाडीचं ऑइल चेंज होईल एवढं!"

"आणि टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस?" हे कोणीतरी विचारायचंच.

इथे ते पेनला टोपण लावायचे. "खालून बघा. फार छान दिसतं. वर काही विशेष नाही. दगड. अडीच हजार वर्षांत एक लिफ्ट बसवता आली नाही लेकाच्यांना!"

सगळे हसून लोळायचे. मग नलूताई काठी टेकत यायच्या आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायच्या. "पुरे आता. मुलं केकसाठी खोळंबलीत."

पुढे तुमचे आजोबा आणि मी भारतात निघालो, तेव्हा आम्हीही अथेन्सला उतरायचं ठरवलं. घैसास स्वतः विमानतळावर सोडायला आले आणि चार नॅपकिन स्टेपल करून माझ्या हातात दिले.

पहिल्याच संध्याकाळी आजोबा वेटरला ऐटीत म्हणाले, "निस्तीसिमो." वेटर भक्तिभावाने आत गेला आणि ऑक्टोपस घेऊन आला. त्यांच्या उपासाला ऑक्टोपस चालतो, असं शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी आम्हाला इंग्रजीत समजावलं. आजोबा त्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे साबुदाणा चालतो, तसंच की." तेव्हा तुम्ही झाकण उघडून बघितल्याशिवाय उपास करू नका.

बाकी नकाशा अचूक होता. झाड तिथे झाड, बाक तिथे बाक. फक्त पावलं जमेनात. घैसासांनी एकशे चाळीस लिहिलं होतं, तिथे आम्ही सत्तर पावलांत पोचायचो. लिफ्टचा इंजिनियर एवढी चूक कशी करतो, म्हणून मी समासात दुरुस्त्या करत चालले होते. आजोबा कुरकुरत होते, "हा ग्रीस आहे की बसस्टॉप? किती वेळा बसायचं?"

शेवटच्या बाकासमोर संगमरवरी पायऱ्या सुरू झाल्या. गुळगुळीत, चढ्या, धरायला काही नाही. नॅपकिन तिथे संपत होता.

मी पुन्हा आकडे बघितले. सहा फुटी माणसाची पावलं नव्हती ती. लहानपणी पोलिओ झालेल्या, पट्ट्यांचा बूट घालून चालणाऱ्या बाईची पावलं होती. त्यांनी ती शेजारून मोजली होती. आणि पायऱ्यांपाशी मोजणं थांबवलं होतं. घैसास वर गेलेच नव्हते.

आम्ही गेलो. खांबांच्या मधून निळंभोर आभाळ, खाली पांढरं शहर, टोकाला समुद्राची रेघ. तुमचे आजोबा बाकांची सगळी कुरकुर विसरले. मग त्यांनी कॅमेऱ्याने बावीस स्लाइड्स काढल्या.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी, पडदे लावून, भिंतीवर चादर टांगून आमचा स्लाइड शो ठरला. सकाळी मी प्रोजेक्टरच्या ट्रेमधून त्या बावीस स्लाइड्स काढून पाकिटात घातल्या.

"मग ग्रीस कुठे राहिला?" आजोबा म्हणाले. मी त्यांना पावलांचं सांगितलं. बाकाची आणखी एक स्लाइड शोधून त्यांनी ट्रेमध्ये घातली.

असा स्लाइड शो पार्सिपनीत पुन्हा झाला नसेल. बाक. झाड. उसळ. बाक. ऑक्टोपस. घैसास खुर्चीत उड्या मारत होते. "हेच ते! नलू, आपलं बाक!" मागून कोणीतरी कंटाळून विचारलं, "अहो, वर गेलात की नाही?"

"गेलो ना," मी म्हणाले. "काही विशेष नाही. दगड."

अंधारात घैसासांनी वळून माझ्याकडे पाहिलेलं मला कळलं.

नंतर नलूताई माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आल्या. मी चहात साखर घालत होते.

"वहिनी, वरच्या स्लाइड्स काढून ठेवल्यात ना?"

मी साखरेचा चमचा दुसऱ्यांदा त्याच कपात रिकामा केला.

"मीच म्हटलं होतं यांना, जाऊन या, मी बसते इथे. गेले आणि पाच मिनिटांत परत! म्हणे, बघून आलो, काही विशेष नाही." त्या हसू लागल्या. "पाच मिनिटांत कोण वर जाऊन येतं हो? मी लायब्ररीतून पुस्तक आणून सगळं बघितलंय. पण त्यांना नका सांगू. इतकी वर्षं मनापासून सांगतायत." मग दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "गुरुवारी ते ऑफिसात असतील. येऊ बघायला?"

निघताना नलूताई गाडीत जाऊन बसल्या. घैसास दारात बुटाची नाडी बांधत रेंगाळले. खालीच बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, वर खरंच काय आहे हो?"

गाडीची काच उघडी होती.

"दगड," मी म्हणाले.

ते ताठ उभे राहिले आणि गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बघ नलू! मी सांगितलं नव्हतं?"

मुलांनो, तुम्ही वर नक्की जा. सकाळी लवकर, रबरी तळव्याचे बूट घालून. उतरल्यावर शेवटच्या बाकावर थोडा वेळ बूड टेका. नॅपकिन या पत्रासोबत पाठवते आहे, काम झाल्यावर आठवणीने परत करा. मी समासात केलेल्या दुरुस्त्या खोडून टाकल्या आहेत. घैसासांचे आकडे तुम्हाला चुकीचे वाटतील. मला आता अगदी बरोबर वाटतात.