अकराव्या मिनिटाचा ताप

तळेगाव ढमढेऱ्याच्या शेखलाल तांबोळींनी कॉम्प्युटर घेतला तो लेकीचं तोंड दिसावं म्हणून. सायमा लग्न होऊन शारजाला गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. तिथं शुक्रवारची सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी नमाजानंतर ती कॅमेऱ्यासमोर यायची आणि बरोबर अकराव्या मिनिटाला इथला कॉम्प्युटर बंद पडायचा.

ही अकरा मिनिटं घरात मानपानानं वाटली जात. आधी शेखलाल तिथल्या हवेची चौकशी करत, जशी काही शारजात ज्वारीच पेरायची होती. मग फुफू, म्हणजे सायमाची आत्या, मग चुलते. आईची, म्हणजे सरदारबीची पाळी येईपर्यंत पडदा काळा झालेला असे. कॉम्प्युटर आल्यापासूनच्या चार महिन्यांत तिच्या वाट्याला एकदाच "अम्मी, जेवलीस का?" एवढं आलं, आणि त्याचंही उत्तर द्यायचं राहून गेलं.

शेवटी सरदारबीच्या बहिणीच्या मुलाला, मुजीबला बोलावलं. तो रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिला.

"खालू, प्रोसेसर तापतोय. नव्वद डिग्रीच्या वर गेला की आपला आपण बंद होतो."

"माणूस एकशेतीन तापात कामावर जातो आन् ह्याला नव्वदलाच घेरी?" शेखलाल म्हणाले.

मुजीबनं धूळ काढली, पंखा बदलला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली आणि गुरुवारी संध्याकाळी दोन तास मशीन चालवून दाखवलं. आकडा पंचावन्नच्या वर गेला नाही. "आता बसा निवांत," म्हणून तो गेला. शुक्रवारी अकराव्या मिनिटाला पडदा काळा.

पुढच्या गुरुवारी त्यानं आणखी मोठा पंखा बसवला. पुन्हा पंचावन्न. शुक्रवारी शेखलालनी शेजारून कूलर आणून डब्याकडं तोंड करून लावला. फुफूला शिंका लागल्या, कॉम्प्युटर मात्र गेलाच.

"ह्याला शुक्रवारच वर्ज्य हाय व्हय रं?" पुढच्या खेपेला मुजीब आल्यावर शेखलालनी विचारलं. मुजीबची मान खाली. कंपनीत ज्याला सगळे मानत, त्याची इथं पार अब्रू गेली होती.

तिसऱ्या शुक्रवारी शेजारचे भिमाजी आप्पा टोपलीभर कांदे घेऊन आले आणि तिथंच टेकले. सगळे पडद्याकडं बघत होते. आप्पा बघत होते खाली, डब्याकडं.

"भाभी, कांद्याच्या वखारीला कुणी गोधडी घालतं का?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. डब्याला सरदारबीनं जाडजूड, दुहेरी शिवलेली, चारी बाजूंनी बेतलेली खोळ घातली होती. मुजीब दुरुस्तीला आला की ती काढून बाजूला ठेवी. तो गेला की ती परत चढे, कारण शुक्रवारी घरभर पाहुणे, आणि चारचौघांत उघडा डबा बरा दिसत नाही.

"आवं, वारं लागलं न्हाई तर कांदा बी सडतोय," आप्पा म्हणाले.

"काढ ती आधी!" शेखलाल ओरडले.

"सायमाच्या ओढण्यांची हाय ती," सरदारबी हळूच म्हणाली. "रोज फडकं मारताना हात फिरवते. तेवढंच बरं वाटतं."

पोरीची आठवण तिला किती येते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाळी मात्र तिची शेवटची होती. तिनं स्वतःच खोळ काढली आणि मांडीवर घेऊन बसली.

बारावं मिनिट आलं आणि गेलं. विसावं गेलं. शेखलालची हवा संपली, फुफूच्या तक्रारी संपल्या, आप्पांनी शारजातला कांद्याचा भावही विचारून घेतला. चाळिसाव्या मिनिटाला कुणालाच काही सुचेना, तेव्हा खुर्ची सरदारबीला मिळाली. शेखलाल चहाचं बघायला आत गेले.

चार महिने साठवलेलं बोलणं ऐनवेळी कुठं गेलं कोण जाणे. ती नुसतीच बघत राहिली.

"अम्मी, बोल ना."

"थांब गं. आधी बघू दे."

सायमानं हनुवटी हातावर टेकली. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. डोळे भरले होते, पण पुसायला कुणी हात हलवेना.

शेखलाल चहा घेऊन बाहेर आले. पडद्यावर लेक हलत नव्हती. खुर्चीत बायको हलत नव्हती.

"या अल्ला, हँग झाला!" म्हणत त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि कुणी हात धरायच्या आत बटण दाबलं.