ओठांची जबाबदारी

गाण्याच्या बाईंनी ठमीला वर्गाच्या कोपऱ्यात बोलावलं, तेव्हा कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते. मुलांच्या गायनवृंदात तेवीस जण होते. बावीस जणांचा सूर कमीअधिक जागेवर यायचा. तेविसावी ठमी. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, मान ताणून मनापासून गाणारी. आवाज खणखणीत, फक्त तो गाण्याच्या शेजारून जायचा. आणि जाताना आजूबाजूच्या चौघांना सोबत घेऊन जायचा.

लेकराच्या तोंडावर "गाऊ नकोस" म्हणण्याइतक्या बाई कठोर नव्हत्या. खरं बोलण्याइतक्या धीटही नव्हत्या.

"ठमे, तुला एक खास काम देते," त्या म्हणाल्या. "तू नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही. मागे बसलेल्या लोकांना शब्द दिसले पाहिजेत ना, म्हणून."

"मी एकटीच?"

"एकटीच."

ठमीचा चेहरा असा काही उजळला, की बाई उगाचच वहीची पानं चाळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ठमीची आई वर्गाच्या दारात हजर. "बाई, कालपासून पोरगी आरशासमोरून हलत नाहीये. आजवर तिला कुणी कशात घेतलं नव्हतं हो. तुम्ही तिच्यातला गुण बरोबर हेरलात."

खरं सांगून मोकळं व्हायची तीच वेळ होती. पण "आहेच गुणी," त्या म्हणाल्या.

हे अख्ख्या वर्गानं ऐकलं. संध्याकाळी जुळ्या बहिणींच्या आईचा फोन आला. "आमच्या पोरींमध्ये काय कमी आहे, तेवढं सांगा." काहीच कमी नाही, म्हणूनच काम दिलं नाही, हे बाई सांगणार कशा? त्यांनी जुळ्यांना काम दिलं. मग सर्वांत उंच मुलाचे आजोबा काठी टेकत दोन जिने चढून आले. त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवणं बाईंना जमलं नाही. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण एकच होतं. शेवटच्या आठवड्यात ओठ हलवणारे सतरा झाले आणि गाणारे सहा उरले.

"सहा पुरेत," पियानोवाले काका म्हणाले. "निदान सूर तरी धरतील."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पडदा सरकला, पियानो वाजला, बाईंनी हात उचलला. तेवीस तोंडं एकदम उघडली. इतकी एकसारखी, की बाईंना क्षणभर अभिमान वाटला. मग लक्षात आलं, की पियानोशिवाय काहीच ऐकू येत नाहीये.

पहिल्या रांगेतले एक आजोबा कानातलं यंत्र काढून त्यावर टिचक्या मारू लागले. माइकवाला वायर हलवत धावला. बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "आवाज कुठेय?"

समोरची मुलगी तितक्याच हळू म्हणाली, "आम्ही सहाच राहिलो होतो, बाई. वाईट वाटत होतं. म्हणून ठमीनं आत्ता पडद्यामागे आम्हालाही काम दिलं."

बाईंचे कान तापले. पाठीमागे तीनशे माणसं आणि समोर आपलीच करणी, तेवीस तोंडांनी. हात हवेत तसाच राहिला. डोळे भरून आले.

ते ठमीनं पाहिलं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात गायला सुरुवात केली. सूर नेहमीप्रमाणे भलतीकडे. पण बाकीच्यांना धरायला तो एकच होता, म्हणून बावीस जण तिच्यामागून निघाले. काकांनी दोनतीन पट्ट्यांत शोधाशोध केली आणि शेवटी हात मांडीवर ठेवले. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बहुतेक सुटकेच्या.

आतल्या खोलीत ठमीची आई तिचे बूट सोडत होती. बाई बाकावर टेकल्या.

"ठमे, ते काम खोटं होतं. तुझा सूर लागत नव्हता, म्हणून मी तुला गप्प केलं. चुकलं माझं."

आईचे हात थांबले. ठमी रडली नाही. तिनं नीट विचार केला.

"मग लावायला शिकवायचा ना," ती म्हणाली. "तुम्ही गाण्याच्याच बाई आहात ना?"

ठमीच्या आईनं दुसरा बूट काढला आणि कोरडेपणानं विचारलं, "सोमवारी किती वाजता पाठवू?"

सोमवारी पहिल्याच सुरावर पाऊण तास गेला.

"लागला का?" ठमीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "नाही."

"बरं," ठमी म्हणाली. "परत वाजवा."