आत्मारामाच्या बैठका

कलेक्टर कचेरीतला कारकून आत्माराम संध्याकाळी तालमीतून आला तो ओटीच्या पायरीवरच बसला. मथुरेने आतून विचारलं, "अवो, घरात येताय ना?"

"पाय वर व्हत नायत गो," तो आनंदाने म्हणाला. "म्हंजे ताकद येतेय."

"ताकद येतेय की जातेय?" मथुरेने त्याला बखोटीला धरून वर घेतलं.

त्याच्या आनंदाला कारण होतं. शिमग्यात वाडीच्या देवीच्या पालखीचा पुढचा दांडा त्यांच्या घराचा. पालखी नुसती वाहायची नसते, नाचवायची असते. आणि आत्मारामाचे वडील आप्पा ती नाचवत तेव्हा बायका चुलीवरचं टाकून बघायला येत. यंदा आप्पांची कंबर धरली होती. मागचा दांडा चुलतभाऊ महिपतचा. मुंबईच्या गोदीत गोणी उचलून तो चांगला दांडगा झाला होता. गणपतीला आला तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दादा कारकुनी करणारा. त्याला जमलं नाय, तर पुढचा मान आमच्याकडं द्या." आप्पा त्या दिवशी जेवले नव्हते. ते आत्मारामाच्या फार मनाला लागलं होतं.

तालमीत वस्ताद भागोजीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाय लटलटाया लागले की थांब." आत्मारामाने त्याचा अर्थ असा काढला, की पाय लटलटले नाहीत तर बैठका फुकट गेल्या. तरी स्वभाव चौकस. त्याने बंदरावरच्या एका हमालाला गाठून विचारलं, "काय रे, माणूस दमला म्हंजे ताकद वाढते का?"

"तसं असतं तर दर संध्याकाळी आमी हत्ती होऊन घरी गेलो असतो," हमाल म्हणाला.

उत्तर बरोबर वाटत होतं, पण हमालाचे दंड बघून आत्मारामाचा पुन्हा गोंधळ झाला.

फाल्गुन लागला आणि भलतंच संकट आलं. बैठका मारून मारून झाल्या, तरी पाय लटलटेनात. तो घाबरून भागोजीकडे गेला.

"वस्ताद, माजी ताकद वाढायची थांबली. मी दमतच नाय."

"मेल्या, ह्याच्यासाठीच तर येत व्हतास."

आत्मारामाला हे काही पटलं नाही. घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातला पाटा खांद्यावर घेतला आणि अंगणात बैठका सुरू केल्या. पाटा अंगणात गेल्यामुळे घरातलं वाटण बंद पडलं. माशांच्या कालवणाला पाण्याची कळा आली. मथुरा निमूट वाढत होती, पण शिमग्याच्या सकाळी तिचा धीर सुटला.

"पाटा द्या हिकडं. देवी दारात येणार आनि मी पुरण काय तळहातावर वाटू?"

पाटा गेला. दुपारी पालखी उचलायची आणि पाय तर खांबासारखे स्थिर. आत्माराम रडकुंडीला आला. तेवढ्यात ओटीवरून आप्पा म्हणाले, "मला घे खांद्यावर."

"आप्पा, तुमची कंबर?"

"कंबर माजी हाय. पाय तुजे हायत. घे."

आप्पा डोईचं मुंडासं सावरत मुलाच्या खांद्यावर बसले. बैठका सुरू झाल्या. आत्माराम थांबला की आप्पा वरून म्हणत, "आनखी." अखेर त्याच्या मांड्या लटलटायला लागल्या.

"झालं," तो धापा टाकत म्हणाला. "लागू पडलं बघा." आप्पा खाली उतरले आणि तोच पाणंदीतून ढोल ऐकू आले.

दांडा खांद्यावर आला तेव्हा आत्मारामाला आपली चूक कळली. पालखी खाली टेकली तर मान गेलाच. आज नाचवायचं नाही, हळूहळू चालायचं, असं त्याने ठरवलं. पण गुडघ्यांना ते कळवायचं कोणी? डावा खाली जाई, उजवा वर उसळे. पालखी हेलकावे घेऊ लागली. ढोलकऱ्यांनी त्याच्या गुडघ्यांकडे बघत ताल धरला. माणसं ओरडू लागली, बायका चुलीवरचं टाकून धावत आल्या. मागून महिपत म्हणत होता, "दादा, जरा दमानं. अरे दादा." दादाला दम असता तर तो थांबला असता.

सहाणेवर पालखी बसली. त्या दगडी चौथऱ्याला टेकून महिपत घाम पुसत म्हणाला, "पुढचा दांडा तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. असा नाच आमच्याच्यानं व्हनार नाय." आप्पांनी त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या मागून मागून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी आत्मारामाला अंथरुणातून उठता येईना. आप्पा खोबरेलाची वाटी घेऊन उशाशी आले आणि पोटऱ्या चोळू लागले.

"आप्पा, खरं सांगतो," आत्माराम हळूच म्हणाला, "मी नाचवली नाय. माजे पाय कापत व्हते."

"ठावूक हाय."

"मग माज्यात ताकद आली की नाय?"

"ताकद आली व्हती म्हनून पालखी पडली नाय. नाचली ती मी तुज्या खांद्यावर बसलो म्हनून."

"म्हंजे तुमी सुद्धा?"

आप्पांनी आणखी थोडं तेल हातावर घेतलं. "माजा बापूस माज्यापेक्षा जड व्हता," ते म्हणाले, "पाय हिकडं कर."