लेडी अ‍ॅग्नेसचा कुलवृत्तांत

"तुमचं काम झालं म्हणून समजा," असं गुरुदत्तकाका डोरोथीबाईंना म्हणाले, तेव्हा काम नेमकं काय आहे हे त्यांना जेमतेम निम्मं कळलं होतं. पण गडी कामाचा, यात शंका नाही! पुण्यात असताना त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जवळजवळ एकहाती तडीस नेला होता. मूळ पुरुषापासून परवा बारसं झालेल्या बाळापर्यंत सगळ्या शाखा त्यांना तोंडपाठ. तो जाडजूड हिरवा ग्रंथ अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकीकडे येताना त्यांनी विमानात मांडीवर घेतला होता. सुलेखाकाकूंनी आणलेल्या लोणच्याला मात्र सामानात जावं लागलं.

डोरोथीबाई म्हणजे त्यांच्या लेकीची, ऋताची, शेजारीण. वय ऐंशीला टेकलेलं, पाठ अजून ताठ, गाडी स्वतः चालवणार आणि कुणी वाट अडवली तर हॉर्नही दणकून वाजवणार. ऋताच्या बाळंतपणात जावई सुशांत कामासाठी टेक्सासला अडकला होता, आईवडिलांचा व्हिसा झाला नव्हता आणि बाहेर गुडघाभर बर्फ पडलं होतं. तेव्हा या बाईंनी फावड्याने बर्फ बाजूला सारून गाडी काढली आणि ऋताला हॉस्पिटलात पोचवलं. नातीला, आन्याला, आपल्या माणसांपैकी सगळ्यात आधी हातात घेतलं ते त्यांनीच. काका त्यांच्यासमोर आले की आपोआप उभे राहत.

या बाईंना आता कोणी उरलं नव्हतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आई लहानपणी सांगायची की आपण लेडी अ‍ॅग्नेस थॉर्नलीच्या वंशातले. इंग्लंडात ट्यूडर राजांचं राज्य असताना या अ‍ॅग्नेसच्या वाड्यावर जप्ती आली. तिने म्हणे शिपायांना पुढच्या दाराने आत घेतलं, पोटभर जेवू घातलं आणि ते सुस्तावून पेंगत असताना मागच्या दाराने सगळं धान्य गावात वाटून टाकलं. डोरोथीबाईंची इच्छा एवढीच होती, की ऐंशीव्या वाढदिवसाला या बाईची लेकरंबाळं एकदा एकत्र पाहावीत आणि त्यांच्यात आपलं नाव कुठे बसतं ते बोट ठेवून बघावं.

काका कामाला भिडले. पहिल्याच दिवशी गाडी अडली, कारण त्यांच्या पद्धतीत सगळ्यात वर मूळ पुरुष लागतो आणि इथे बाई! शेवटी मन मोठं करून त्यांनी बाईला वर बसवलं. पुढची पद्धत मात्र पक्की होती. मुलाला सरळ रेघ, दत्तकाला तुटक रेघ, मुलीचा नुसता आकडा, आणि पूर्णविराम. डोरोथीबाई एकदा म्हणाल्या, की माझी आई माहेरची थॉर्नली, आजोबा ओहायोतले, तिथून सुरुवात केली तर सोपं नाही का जाणार? काकांनी हात हलवून तो विषय झटकला. आमच्यात वरून खाली यायचं असतं, तुमची पाळी आली की तुम्ही आपोआप याल, असं त्यांनी समजावलं.

आणि खरोखर त्या माणसाने कमाल केली. चर्चची जुनी दप्तरं, कबरींचे फोटो, जनगणनेचे कागद, काही सोडलं नाही. अमेरिकेतल्या अनोळखी थॉर्नलींना फोन करून "तुमचे आजोबा कुठले?" असं विचारण्याची हिंमत पुणेकराशिवाय कोणात असणार? पहिल्यांदा फोन आपटणारे दुसऱ्यांदा स्वतःहून आजोबांच्या गोष्टी सांगू लागले.

आमंत्रणंही काकांनीच केली, आपल्या रीतीने. सगळ्यांना घेऊन या, मुलं, मुली, सुना, जावई, कोणाला मागे ठेवू नका! किती जणांनी यायचं असं कोणी विचारलं की काकांना अपमान वाटायचा. डोरोथीबाईंनी पंचवीस खुर्च्या मागवल्या होत्या. वाढदिवसाला सकाळी दहा वाजता गल्लीच्या टोकापर्यंत गाड्या लागल्या आणि अंगणात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. सुलेखाकाकूंनी पातेली बदलत बदलत पोहे केले. वसाहतीच्या कमिटीच्या बाई पार्किंगची तक्रार घेऊन आल्या आणि पोह्यांची डिश घेऊन उभ्या राहिल्या.

मग काकांनी ऋताच्या गॅरेजच्या दारावर वंशावळीचा तक्ता उलगडला. दार पुरेना, एवढा! लोक आपापली नावं शोधू लागले, नावाशेजारी उभं राहून फोटो काढू लागले. डोरोथीबाई ठेवणीतला निळा ड्रेस घालून भिंग हातात धरून तक्त्याजवळ गेल्या. वरपासून खालपर्यंत त्यांनी सगळा तक्ता पाहिला. मग पुन्हा पाहिला. शेवटी ओहायोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं. तिथे त्यांच्या आजोबांचं नाव होतं आणि खाली काकांच्या सुबक इंग्रजीत लिहिलं होतं, 'कन्या एक.'

"गुरु," त्या हळूच म्हणाल्या, "ही माझी आई. पुढे तिचं काय झालं?"

आमच्यात कन्या दुसऱ्या घरात जाते, तिची नोंद तिकडे होते, असं काहीतरी काका सांगू लागले.

"असं असेल तर," डोरोथीबाई म्हणाल्या, "अ‍ॅग्नेसही तिच्या बापाच्या तक्त्यात 'कन्या एक'च की."

चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असलेली ऋता वडिलांच्या मदतीला धावली.

"बाबा, इट्स ओके. आपल्या ग्रीन बुकमध्ये मी पण तेवढीच आहे. 'कन्या एक.' मला सवय आहे."

ती हसत म्हणाली, आणि तेच काकांना जास्त लागलं. ते पान त्यांनी स्वतःच्या हाताने तपासून छापायला पाठवलं होतं, आणि आपण त्यात काय छापतोय हे त्यांना तेव्हा दिसलंच नव्हतं.

पण काका रडत बसणाऱ्यातले नव्हेत! त्यांनी गॅरेजमधून आन्याचे रंगीत खडू काढले, दुखऱ्या गुडघ्यांसकट ड्राइव्हवेवर बसकण मारली, आणि कागद संपला होता तिथून खाली फरशीवर रेघ ओढली. आधी आई, मार्गारेट. तिच्याखाली, मोठ्या अक्षरात, डोरोथी. टाळ्या थांबायच्या आत एक आजीबाई पुढे आल्या. त्यांच्या तीन मुली, सात नातवंडं, सगळी पोहे खाऊन बसलेली आणि तक्त्यात कोणीच नाही. मग आणखी एक आल्या, मग रांगच लागली. दुपारपर्यंत लेडी अ‍ॅग्नेसचा वंश गॅरेजपासून टपालपेटीपर्यंत जाऊन रस्त्याला लागला.

डोरोथीबाईंच्या नावाखाली मात्र जागा मोकळीच होती.

"ही तुटक रेघ कशाची म्हणालात?" त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं.

"दत्तकाची. पण मान पूर्ण असतो."

बाईंनी खडू मागून घेतला. आपल्या नावाखाली एक तुटक रेघ ओढली आणि लिहिलं, ऋता. ऋताने ट्रे जमिनीवरच ठेवला आणि ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकाही चष्मा पुसू लागले.

थोड्या वेळाने त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. लेक चारशे-पाचशे वर्षांच्या खानदानात जाऊन बसली होती. एवढा खटाटोप करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच दिसत नव्हतं.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

डोरोथीबाईंनी पुन्हा खडू उचलला. मग ऋताच्या नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'वडील एक', आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम दिला.