पत्रिकेतला भलताच नवरदेव

परभणीत गुन्हे कमी घडतात ते आपल्यामुळे, असं दिनकररावांचं प्रामाणिक मत होतं. त्यांचा छापखाना होता, पण ते नुसतं वेशांतर. खरे ते गुप्तहेर. "बन्सीधर, माझी नजर म्हणजे एक्सरे," असं म्हणून ते कपाळावर सरकवलेला चष्मा खोलीभर शोधत. त्यांच्याकडे आजवर एकही केस आली नव्हती. त्यावरून गुन्हेगार किती दचकून आहेत ते ओळखावं, असं ते सांगत. बन्सीधर छापखान्यातला संगणक चालवायचा आणि उरलेला वेळ त्यांचा साहाय्यक असायचा.

ब्याण्णव सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केस आपल्या पायांनी चालत आली. बोरीचे किशनराव आणि त्यांची लेक कुसुम.

"मालक, पोरीचं लगीन धाकल्या रंगनाथाशी हाय. तुमच्या कच्च्या पत्रिकेत चुकून त्याचा थोरला भाऊ सटवाजी नवरदेव हाय. त्याची बायको रुसून माहेरी गेली. सांजच्या मोटारीनं नीट पत्रिका न्हाई पोचली तर पाव्हणे सोयरीक मोडायलेत."

बन्सीधरने पत्रिका पडद्यावर आणली आणि खोडायची कळ दाबली. टिंग. पुन्हा दाबली. टिंग. सटवाजी जागचा हलेना.

"घातपात," दिनकरराव म्हणाले. संगणकाच्या खोलीबाहेर काढलेल्या चपला त्यांनी भिंगाखाली धरल्या. "हिला शेण लागलंय. कुणाची?"

"माझीच की," किशनराव म्हणाले.

"कबुली दिलीत, बरं केलंत."

मग त्यांना संगणकाच्या विषाणूची आठवण झाली. कळांवरून फिनाईलचा बोळा फिरला. टिंग.

"तर मग खुद्द सटवाजीच. दुसऱ्या लग्नाची हौस."

"ते कधी परभणीला आलेच नाहीत," कुसुम म्हणाली.

"म्हणजे लांबून काम करतो. मुरलेला दिसतोय."

कुसुम एम.एस्सी. करत होती, तिची आकडेमोड संगणकावरच चाले. ती म्हणाली, "काका, जरा सरका. मजकूर लिहायच्या या एडिटरला त्याची स्वतःची छोटी भाषा असते. तिच्यातच त्याला विचारू, सुरू होताना तुला काय काय सांगितलं होतं."

"आरोपी असा बोलत नसतो, बाई."

"त्याला विचारलं कुणी?"

तिने दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर उत्तर उमटलं: पत्रिकेच्या फाइलचं नाव, आणि शेजारी एक तिरकी रेघ नि आर हे अक्षर.

"म्हणजे 'नुसतं वाच, हात लावू नको'. संगणक चालू झाला की जे आदेश आपोआप चालतात, त्यात कुणीतरी हे टाकलंय."

बन्सीधर खाकरला. "मालक, खंडेनवमी..."

खंडेनवमीला छापखान्यातली सगळी हत्यारं पूजेला बसत. कात्री, छपाईचं यंत्र, संगणकसुद्धा. पूजेला बसलेल्या हत्याराने काम करायचं नसतं. बन्सीधर ऐकायचा नाही या शंकेने मालकांनी तो आदेश स्वतःच्या हाताने टाकला होता. दसरा झाल्यावर झेंडूचा हार निघाला, आदेश तसाच राहिला.

"गुन्हेगार घरातलाच आहे, हे मी म्हणणारच होतो," दिनकरराव म्हणाले. "पण त्याची पार्श्वभूमी चांगली आहे. समज देऊन सोडू."

कुसुमने तो आदेश काढून एडिटर पुन्हा सुरू केला. सटवाजी मुकाट्याने गेला, त्याच्या जागी रंगनाथ आला. किशनराव ओल्या शाईची पत्रिका दोन्ही हातांवर धरून बसस्टँडकडे निघाले.

"आता मांडवात बसायच्या आधी रंगनाथरावांनाही हेच विचारते," चपला पायात सरकवत कुसुम म्हणाली.

"काय, ताई?" बन्सीधरने विचारलं.

"घरून निघताना कुणी काय काय सांगून धाडलंय."